पाळीच्या वेदनांसाठी घरगुती टेन्स यंत्र: यंत्र चांगले, पुस्तिका अपुरी

पाळीच्या दिवसांत ज्यांचे ओटीपोट, कंबर आणि मांड्या एकाच वेळी दुखतात अशा स्त्रियांसाठी त्वचेवरून सौम्य विद्युत्‌स्पंद देणारी ‘टेन्स’ नावाची लहान यंत्रे आता शल्योपयोगी वस्तूंच्या दुकानांत आणि ऑनलाइनही सहज मिळू लागली आहेत. त्यांपैकी दोन वाहिन्यांच्या, म्हणजे प्रवाहाच्या दोन स्वतंत्र वाटांच्या, आणि चार चिकटपट्ट्यांच्या एका यंत्राचे हे परीक्षण आहे. याच बांधणीची यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि माझे म्हणणे त्या बांधणीविषयी आहे, म्हणून व्यापारी नाव देत नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हे यंत्र स्वतःसाठी विकत घेऊन दीर्घकाळ वापरत आले आहे. माझे मत असे, की यंत्र घेण्याजोगे आहे, परंतु त्याच्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेवर विसंबून ते वापरले तर निम्म्या स्त्रियांना ते निरुपयोगी वाटेल आणि त्या ते कपाटात ठेवून देतील. असे होऊ नये म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

खोक्यात मोबाइलपेक्षा लहान असे मुख्य यंत्र, प्रत्येकी दोन टोकांच्या दोन वायरी, पाच सेंटीमीटर चौरस आकाराच्या चार पट्ट्या, चार्जिंगची केबल आणि इंग्रजीतील एक पुस्तिका एवढे साहित्य मिळते. किंमत दोन-अडीच हजार रुपयांच्या आसपास आहे. स्पंदांची वारंवारता २ ते १५० हर्ट्‌झपर्यंत आणि प्रत्येक स्पंदाची रुंदी ५० ते २५० मायक्रोसेकंदांपर्यंत हवी तशी ठरवता येते, ही या यंत्राची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. याहून स्वस्त यंत्रांत केवळ क्रमांक दिलेले ठरावीक कार्यक्रम असतात आणि त्या क्रमांकामागे नेमकी कोणती वारंवारता आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. पाळीच्या वेदनेसाठी यंत्र घेणाऱ्या स्त्रीने आकड्यांनी वारंवारता दाखवणारेच यंत्र मागावे.

पुस्तिकेत खांदा, गुडघा, कोपर, पाठ अशा जागांची चित्रे आहेत आणि त्यांच्याच रांगेत पाळीच्या वेदनेचे एक चित्र आहे. त्यात बेंबीखाली ओटीपोटावर दोन पट्ट्या लावलेल्या दाखवल्या आहेत. त्या तेथे का लावायच्या, ज्या स्त्रीचे ओटीपोट फारसे दुखत नाही पण माकडहाड आणि मांड्यांच्या मागच्या बाजू दुखतात तिने काय करायचे, यंत्राला दोन वाहिन्या असताना चित्रात एकच का वापरली आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. साहजिकच वापरणाऱ्या स्त्रीची समजूत अशी होते, की विद्युत्‌स्पंद पोटातून आत जाऊन गर्भाशयाला सैल करतात. ही समजूत चुकीची आहे आणि यंत्राचा चुकीचा वापर तिच्यातूनच सुरू होतो.

हे यंत्र गर्भाशयावर काम करतच नाही. १९९४ साली स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका तुलनात्मक अभ्यासात पाळीच्या वेदना असलेल्या स्त्रियांच्या गर्भाशयातील दाब प्रत्यक्ष मोजला गेला होता. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक घेतल्यावर दाब कमी झाला आणि त्याबरोबर वेदनाही कमी झाली. टेन्सने मात्र दाबात लक्षणीय फरक न पडता वेदना कमी झाली. म्हणजे गर्भाशय पूर्वीइतक्याच जोराने आकुंचन पावत होते, फक्त त्याची वार्ता मेंदूपर्यंत पूर्वीसारखी पोहोचत नव्हती. यंत्राचे खरे कार्यक्षेत्र त्या वार्तेच्या मार्गावर, मज्जारज्जूत आहे. त्यामुळे पट्टी कोठे लावायची हे ठरवण्यासाठी हा मार्ग समजून घ्यावाच लागतो.

श्रोणीतील, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी हाडांच्या कड्यातील पोकळीतील, अवयवांपासून मज्जारज्जूकडे जाणारे वेदनेचे मार्ग प्रामुख्याने दोन आहेत. गर्भाशयाच्या वरच्या, मोठ्या भागातून निघणारे संवेदी तंतू अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जातंतूंच्या सोबतीने वर चढतात. पाचव्या कटिमणक्यासमोर (कमरेच्या मणक्यासमोर), महारोहिणी ही मुख्य रक्तवाहिनी दुभंगते त्या जागेच्या किंचित खाली, मज्जातंतूंचे जे जाळे पसरलेले आहे त्यातून ते जातात आणि मज्जारज्जूच्या टी-१० ते एल-१ या खंडांत, म्हणजे छातीचा सर्वांत खालचा भाग आणि कमरेचा सर्वांत वरचा भाग यांच्याशी जोडलेल्या खंडांत शिरतात. गर्भाशयमुख, योनीचा वरचा भाग, मूत्राशयाचा तळ आणि गुदाशय यांच्याकडून येणारे तंतू मात्र परानुकंपी (पॅरासिंपथेटिक) मज्जातंतूंची वाट धरून त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, छिद्रांतून आत जातात आणि मज्जारज्जूच्या शेवटाकडील एस-२ ते एस-४ या खंडांत पोहोचतात. निरनिराळ्या ग्रंथांत या सीमा एखाद्या खंडाने वरखाली दिलेल्या आढळतात आणि व्यक्तीव्यक्तींतही तेवढा फरक असतो. पण वरचा मार्ग आणि खालचा मार्ग हा भेद पक्का आहे.

अंडाशयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. गर्भावस्थेत अंडाशय पोटाच्या मागच्या भिंतीवर बरेच वर तयार होतात आणि नंतर श्रोणीत उतरतात. उतरताना ते आपल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू सोबत ओढून आणतात. म्हणून अंडाशयाची वार्ता वर सांगितलेल्या मोठ्या जाळ्यातून न जाता स्वतःच्या रक्तवाहिन्यांच्या कडेने थेट टी-१० आणि टी-११ च्या आसपास जाते. ल्यों येथील शल्यविशारद गास्तों कोत यांनी १९२० च्या दशकात तीव्र पाळीच्या वेदनेसाठी ते मोठे जाळे छेदण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तिचा उपयोग ओटीपोटाच्या मध्यभागी होणाऱ्या वेदनेला होतो, एका बाजूच्या अंडाशयाच्या वेदनेला होत नाही. शल्यक्रियेने मिळालेली मज्जामार्गांची ही अतिशय स्पष्ट साक्ष आहे. पुढे याच तत्त्वावर गर्भाशयमुखाच्या मागील बंधांतले मज्जातंतू दुर्बिणीद्वारे छेदण्याची सोपी शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तिचा जुनाट श्रोणीवेदनेवर काही उपयोग होत नसल्याचे दिसले. एखादा मार्ग नकाशावर दिसतो म्हणून तो तोडल्याने वेदना थांबेलच असे नसते, हे यंत्र वापरतानाही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता दुखणे गर्भाशयाचे असताना कंबर आणि मांड्या का दुखतात, या प्रश्नाकडे येता येईल. मज्जारज्जूत शिरणाऱ्या सर्व संवेदी तंतूंमध्ये अंतर्गत अवयवांकडून येणाऱ्यांचा वाटा जेमतेम दहा टक्क्यांच्या घरात आहे. हे थोडे तंतू आत शिरल्यावर अनेक खंडांत विखुरतात आणि तेथे ज्या मज्जापेशींवर संपतात त्याच पेशींवर त्वचेकडून आणि स्नायूंकडून येणारे तंतूही संपत असतात. जुन्या वाड्यातील दोन बिऱ्हाडांची पत्रे एकाच पेटीत पडावीत आणि एका बिऱ्हाडाला वर्षाकाठी दोन-चारच पत्रे येत असल्यामुळे पोस्टमनने नाव नसलेले प्रत्येक पत्र दुसऱ्याच बिऱ्हाडाचे समजावे, तसे मेंदूचे होते. त्या पेशींकडून आजवर आलेल्या वार्ता बहुतांशी त्वचा आणि स्नायूंच्या असल्यामुळे गर्भाशयाची वार्ताही मेंदू त्यांच्याच नावावर मांडतो. वैद्यकात याला रेफर्ड पेन म्हणतात.

टी-१० ची त्वचा बेंबीच्या पातळीवर असते, टी-१२ आणि एल-१ ची त्वचा ओटीपोटाचा खालचा भाग आणि जांघ व्यापते. याच खंडांच्या मागच्या फांद्या पाठीचा खालचा भाग आणि कुल्ल्याचा वरचा भाग यांना संवेदना पुरवतात; म्हणून गर्भाशय आकुंचन पावते तेव्हा कंबर आतून भरून आल्यासारखी दुखते. शेजारच्या एल-२ खंडाची हद्द मांडीच्या पुढच्या बाजूवर असल्यामुळे मांड्याही त्यात ओढल्या जातात. खालच्या मार्गाचे क्षेत्र निराळे आहे: एस-२ मांडीच्या मागच्या बाजूस उतरते, एस-३ आणि एस-४ बैठकीच्या आणि गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर असतात. पाळीत माकडहाडाशी आणि गुदाशयाकडे ओढल्यासारखे दुखते असे ज्या स्त्रिया सांगतात, त्या बहुधा या खालच्या मार्गाचेच वर्णन करत असतात. आपल्याकडे अशा तक्रारीला बसण्याच्या पद्धतीचा किंवा अशक्तपणाचा दोष देऊन गप्प बसवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या स्त्रियांच्या बोलण्यात शरीररचनेचा नेमका नकाशा असतो.

हा नकाशा प्रथम रुग्णांच्या अशाच बोलण्यातून तयार झाला. लंडनचे वैद्य हेन्री हेड यांनी १८९३ साली अंतर्गत अवयवांच्या आजारांत त्वचेचे कोणते पट्टे हुळहुळे होतात याची बारकाईने नोंद प्रसिद्ध केली. नागिणीचे फोड ज्या पट्ट्यांत उठतात त्यांच्याशी त्यांनी हे पट्टे ताडून पाहिले, कारण नागीण एकाच मज्जामुळाच्या हद्दीत उठते. त्याच काळात बर्नली या गिरणगावात सामान्य डॉक्टर म्हणून काम करणारे जेम्स मॅकेन्झीही स्वतंत्रपणे याच प्रश्नाचा पाठपुरावा करत होते आणि अवयवाकडून येणाऱ्या माऱ्याने मज्जारज्जूचा तो खंडच चिडचिडा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दोघांच्या निरीक्षणांचा उपयोग या यंत्राच्या पट्ट्या लावताना आजही जसाच्या तसा करता येतो.

यंत्राची कल्पना मात्र बरीच नंतरची आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली असे प्रतिपादन केले, की मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे संवेदी तंतू जेथे येऊन मिळतात त्या मागच्या भागात, वेदनेच्या वार्तेवर नियंत्रण ठेवणारे एक द्वार असते. त्वचेच्या स्पर्शाचे जाड तंतू उत्तेजित झाले, की ते मधल्या पेशींच्या मार्फत बारीक वेदनातंतूंची वार्ता पुढे जाण्यास अडथळा करतात. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी मज्जातंतूंना विद्युत्‌स्पंद देऊन रुग्णांची वेदना तात्पुरती थांबवून दाखवली आणि टेन्सची वाट मोकळी झाली. द्वाराच्या मूळ आराखड्यात पुढे बरेच फेरफार झाले. मेंदूकडून खाली येणाऱ्या नियंत्रणाचा आणि शरीरातल्याच अफूसदृश रसायनांचा वाटाही आता मान्य झाला आहे. पण आपल्या कामापुरता मुद्दा एवढाच आहे, की स्पर्शतंतूंची वार्ता वेदनेच्या वार्तेला ज्या खंडात अडवते त्या खंडातच दोघींची गाठ पडली पाहिजे. गर्भाशयाची वार्ता टी-१० ते एल-१ मध्ये शिरत असेल, तर यंत्राचे स्पंदही त्याच खंडांची त्वचा निवडून द्यावे लागतात.

पुस्तिकेतले ओटीपोटाचे चित्र पूर्णतः चूक नाही, हे यावरून लक्षात येईल. बेंबीपासून जांघेपर्यंतची त्वचा टी-१० ते एल-१ चीच आहे, त्यामुळे तेथे लावलेल्या पट्ट्या वरच्या मार्गाला आवर घालू शकतात. चित्र अपुरे आहे ते खालच्या मार्गाच्या बाबतीत. एस-२ ते एस-४ मधून येणारी वेदना पोटावरच्या पट्ट्यांना दाद देत नाही, आणि ती दाद देत नाही म्हणून स्त्री स्पंदाची तीव्रता वाढवत नेते, पोटाचे स्नायू आखडू लागतात आणि आराम पडण्याऐवजी त्रासच होतो.

माझ्या वापरात सर्वांत समाधानकारक ठरलेली मांडणी प्रसूतीच्या कळांसाठी टेन्स वापरताना जी पाळली जाते तीच आहे. दोन्ही हात कमरेवर ठेवले, की बाजूंना हाडाचा जो कठडा लागतो त्याची पातळी साधारणपणे चौथ्या कटिमणक्याची असते. तेथून सुमारे दहा सेंटीमीटर वर पहिला कटिमणका येतो. पहिल्या वाहिनीच्या दोन पट्ट्या त्याच्या पातळीवर आणि त्याहून थोड्या वर, कण्याच्या उजव्या-डाव्या बाजूंना, मणक्याच्या टोकावर न येता दोन बोटे अंतर सोडून लावाव्यात. कमरेखाली पाठीवर ज्या दोन खळ्या दिसतात त्या दुसऱ्या त्रिकास्थी-मणक्याच्या पातळीवर असतात; दुसऱ्या वाहिनीच्या पट्ट्या त्या खळ्यांवर किंवा किंचित खाली लावाव्यात. अशा रीतीने दोन्ही मार्गांच्या क्षेत्रांवर एकेक वाहिनी येते आणि दोन वाहिन्यांचे यंत्र घेतल्याचे सार्थक होते. ज्यांना पुढच्या बाजूलाच अधिक दुखते त्यांनी वरची वाहिनी पाठीवरून काढून बेंबी आणि जांघ यांच्या मध्ये लावावी. खंड तोच राहतो.

येथे एक शंका विद्यार्थी नेहमी विचारतात. मज्जारज्जू तर पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याशीच संपतो आणि एस-२ ते एस-४ हे खंड प्रत्यक्षात पहिल्या कटिमणक्याच्या आतच असतात, मग पट्ट्या खाली त्रिकास्थीवर का लावायच्या? कारण यंत्राचा प्रवाह मज्जारज्जूपर्यंत पोहोचत नाही. तो त्वचेखालच्या तंतूंनाच जागवतो आणि त्या तंतूंनी आपली वार्ता स्वतःच्या खंडात नेऊन द्यायची असते. तेव्हा आपण खंड जेथे आहे ती जागा न शोधता त्या खंडाची त्वचा जेथे आहे ती जागा शोधायची.

वारंवारतेच्या बाबतीत मी ८० ते १०० हर्ट्‌झच्या दरम्यान राहते. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२ सालच्या पुनरावलोकनात पाळीच्या वेदनेवर उच्च वारंवारतेचे टेन्स खोट्या, म्हणजे प्रवाह न देणाऱ्या, यंत्रापेक्षा सरस ठरले होते, तर कमी वारंवारतेच्या बाबतीत तसे दाखवता आले नव्हते. त्यानंतरही अभ्यास झाले आहेत. परंतु ते बहुधा लहान आहेत आणि त्वचेवर मुंग्या आल्यासारखे जाणवते की नाही यावरून खरे यंत्र कोणते हे स्त्रीला ओळखू येत असल्यामुळे निर्भेळ तुलना अवघड असते. म्हणून मी कोणालाही हमी देत नाही, वापरून पाहण्यास मात्र जरूर सांगते. तीव्रता इतकी असावी, की त्वचेवर ठळक, सुसह्य सरसर जाणवेल पण स्नायू उडणार नाहीत. काही मिनिटांनी त्वचा सरावते आणि सरसर फिकी वाटू लागते. तेव्हा एक पायरी वाढवावी. या यंत्रातील पायऱ्या सुरुवातीला फार मोठ्या आहेत, चौथीवरून पाचवीवर जाताना एकदम झटका जाणवतो, हा मला त्यातला खरा दोष वाटतो. पडद्यावर मिलिअँपिअरऐवजी नुसते १ ते ३० असे अंक दिसतात, त्यामुळे प्रवाह किती वाढला हेही कळत नाही.

परिणामाचे वर्णन प्रामाणिकपणे करायचे तर वेदना नाहीशी होत नाही, तिची धार जाते. कळ येते हे कळत राहते, पण ती सारे लक्ष वेधून घेत नाही. यंत्र बंद केल्यावर हा परिणाम थोडा वेळ टिकतो आणि मग ओसरतो. कंबरेच्या वेदनेवर तो सर्वांत चांगला, ओटीपोटावर त्याहून थोडा कमी आणि मांड्यांवर सर्वांत कमी, असा माझा अनुभव आहे. साडीखाली किंवा कुर्त्याखाली यंत्र सहज लपते आणि वर्गात उभे राहून शिकवताना ते वापरता येते. परकराची नाडी मात्र खालच्या पट्ट्यांवर येऊन त्यांच्या वायरी उपटते, त्यामुळे त्या दिवशी सलवार किंवा सैल इलॅस्टिकचे कपडे सोयीचे पडतात.

वेदनाशामक गोळीच्या जागी हे यंत्र आहे का, असे मला अनेकींनी विचारले आहे. गोळी गर्भाशयाचे आकुंचन वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनाची निर्मिती कमी करते, म्हणजे वेदनेच्या उगमापाशी काम करते. यंत्र मार्गावर काम करते. म्हणून दोन्ही एकत्र वापरण्यास तत्त्वतः हरकत नाही आणि यंत्रामुळे गोळ्यांची संख्या घटली तर तो लाभच आहे. आपल्याकडे मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय सर्रास घेतल्या जातात. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने या औषधामुळे क्वचित उद्भवणाऱ्या पण गंभीर अशा ॲलर्जीसदृश प्रतिक्रियेविषयी, जिच्यात पुरळ आणि ताप यांबरोबर अंतर्गत अवयवांवरही परिणाम होतो, सावधगिरीची सूचना दिली होती. त्यामुळे घाबरून गोळी टाकून देण्याचे कारण नाही, पण ज्यांना जठराचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी या जातीची औषधे वर्ज्य सांगितली आहेत, त्यांच्यासाठी यंत्राचे मोल नक्कीच वाढते.

यंत्राच्या मर्यादेचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. श्रोणीतील अवयवांच्या वार्ता मज्जारज्जूत एकमेकींत मिसळतात. प्राण्यांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे, की एकाच संवेदी मज्जापेशीच्या फांद्या मूत्राशय आणि मोठे आतडे या दोन्हींकडे गेलेल्या असू शकतात. म्हणून एका अवयवाची दीर्घकाळची चिडचिड दुसऱ्याला हळवे करते: पाळीत वारंवार लघवीची भावना होणे, शौचाच्या वेळी कळ येणे, संबंधाच्या वेळी दुखणे या तक्रारी एकत्र येतात त्या यामुळेच. हा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला तर मज्जारज्जूतील पेशींचा प्रतिसादच वाढतो आणि पाळी नसतानाही साधा स्पर्श ओटीपोटाला बोचू लागतो. या अवस्थेत माझ्या ओळखीतील स्त्रियांना या यंत्राचा फारसा उपयोग झाला नाही. त्यांना श्रोणीतळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, औषधे आणि तज्ज्ञांची देखरेख यांचीच गरज होती.

एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार येथे टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात १९ कोटींना, हा आजार आहे आणि त्याच्या निदानाला कित्येक वर्षे लागतात. दर महिन्याला वाढत जाणारी, शाळा किंवा काम बुडवणारी, पाळी सुरू होण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून छळणारी वेदना यंत्राने थोपवून धरली तर निदान आणखी लांबेल. मी मुलींच्या आयांना कळकळीने सांगते, की स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासल्यानंतरच मुलीच्या हाती हे यंत्र द्यावे आणि वेदना कोठून कोठे जाते, कोणत्या दिवशी सुरू होते, लघवी व शौचाशी तिचा काय संबंध आहे हे तिला लिहून ठेवायला शिकवावे. दुखते त्या जागा कागदावरच्या आकृतीत रंगवून नेल्या, तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

काही वेदना अशा आहेत, की त्या वेळी यंत्र बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ आणि त्याबरोबर खांद्याच्या टोकाशी दुखणे हे गर्भनलिकेतील गर्भ फुटून पोटात रक्तस्राव झाल्याचे लक्षण असू शकते. पोटातले रक्त श्वासपटलाला डिवचते, श्वासपटलाचा मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या खंडांतून निघतो आणि खांद्याची त्वचा त्याच खंडांच्या हद्दीत येते. बैठकीची त्वचा बधिर होणे आणि लघवी तुंबणे या तक्रारी कंबरदुखीसोबत आल्या, तर एस-२ ते एस-४ ची मुळेच दबली जात असण्याची शक्यता असते आणि तेथे काही तासांचा उशीरही महागात पडतो. पुस्तिकेत पेसमेकर, गर्भारपण, अपस्मार आणि गळ्याचा पुढचा भाग यांबद्दलचे इशारे बारीक अक्षरांत दिले आहेत, पण या दोन धोक्यांचा त्यात उल्लेखही नाही. वैद्यकीय उपयोगाची वस्तू घरोघरी विकणाऱ्या उत्पादकांनी त्यासाठी एक पान राखून ठेवायला हवे, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या खोक्यात ते पान मराठीत असायला हवे.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. यंत्राची बॅटरी उत्तम आहे आणि एका चार्जमध्ये पाळीचे जड दिवस सहज निघतात. पट्ट्यांचा चिकटपणा मात्र मुंबईच्या पावसाळ्यात फार लवकर उतरतो. अंग स्वच्छ पुसून, तेल किंवा पावडर न लावता पट्टी लावावी, काढल्यावर तिच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवून ठेवावी आणि कोरडी पडल्यास बोटाने पाण्याचा एखादा थेंब पसरावा. कडा सुटलेली पट्टी वापरू नये, कारण उरलेल्या छोट्या भागातून सगळा प्रवाह जाऊन त्वचेला चटका बसतो. एकाच जागी रोज लावल्याने लाल चट्टे उठतात. त्याच खंडाची पुढची आणि मागची त्वचा आलटून पालटून वापरली तर ते टळतात. पट्ट्यांचा नवा संच घेताना पिनेची जाडी आपल्या वायरीशी जुळते का हे दुकानातच लावून पाहावे, कारण सर्व पट्ट्या सर्व वायरींना बसत नाहीत. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या किंवा पुण्यात सदाशिव पेठेतल्या शल्यसाहित्याच्या दुकानांत हे समोर तपासून घेता येते. ऑनलाइन घेतलेला माझा पहिला संच न बसल्यामुळे वाया गेला होता. यंत्रासोबतच पट्ट्यांचा एक जादा संच आणि एक जादा वायर घेऊन ठेवावी. वायर वाकून तुटते ती नेहमी पिनेच्या बुडाशीच, आणि ती सुटी मिळायला वेळ लागतो.